खान्देशच्या अंगणात देशी फुलझाडं लावायची तर मे महिना बघून रोप निवडा

नर्सरीत आपण जातो जुलैमध्ये आणि झाड मरतं मे महिन्यात, खान्देशातल्या बहुतेक अंगणांचं दुखणं हेच आहे. जुलैत सगळंच हिरवंगार असतं, नर्सरीवाला हिरव्या नेटखाली वाढवलेलं टवटवीत रोप हातात देतो, आपण घरी आणून लावतो, नवरात्रापर्यंत मस्त फुलतं, आणि मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास गरम वारे सुटले की आठ दिवसात त्याची काडी होते. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जाणं ही काही नवलाची गोष्ट राहिली नाही, आणि तोच पारा थंडीत १० च्या खाली पण येतो. दोन्ही सोसणारं झाड पाहिजे.

अमळनेरला नव्या लेआउटमधल्या प्लॉटवर आम्ही घर बांधलं तेव्हा पहिली तीन वर्षं मी नुसती रोपं आणत होते आणि घालवत होते. मग एका मे महिन्यात अडावदवरून उनपदेवला जाताना गाडीतून दिसलं, नाल्याच्या कडेला निर्गुडी हिरवीगार उभी, शेजारी रुई फुललेली, तिथे कोण बादली घेऊन जातंय? तेव्हापासून मी रोप निवडायची पद्धतच उलटी केली. आधी विचारायचं की हे झाड मे महिन्यात काय करतं, फुलाचा रंग वगैरे नंतर. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका प्रश्नावर उभं आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

देशी म्हणजे ओळखीचं नव्हे. झेंडू, निशिगंध, पांढरा चाफा हे मेक्सिकोकडचे, गुलबक्षी पण अमेरिका खंडातलीच, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनकडची. आजीच्या अंगणात होती म्हणून आपल्याला ती इथलीच वाटतात. ती काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाही, दसऱ्याला झेंडू लागतोच. फक्त घाणेरी असेल तर ती जरूर काढा, ती पण बाहेरचीच आहे आणि सातपुड्यात, गौताळ्यात तिने जंगलच्या जंगल व्यापलंय.

बहुवर्षायू म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं, पण टिकणं म्हणजे बारा महिने हिरवं दिसणं असं नाही, इथे लोकांची फार फसगत होते. काही झाडं उन्हाळ्यात पानं कमी करून उभी राहतात, काही अख्खीच्या अख्खी जमिनीखाली जातात आणि वर फक्त माती दिसते. पहिल्या वर्षी मी कळलावीचा वेल वाळला म्हणून डिसेंबरात तो वाफा खणून पालक टाकायला निघाले होते, तर सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, जित्तं शे ते." जूनमध्ये त्याच जागेतून कोंब वर आला. तेव्हा आपल्या बागेत कोणतं झाड मेलं आणि कोणतं झोपलंय हे आधीपासून माहीत पाहिजे.

पहिलं काम: एक दिवस अंगणात बसून ऊन बघा

शक्यतो मे महिन्यात बघा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता अंगणात कुठे सावली आहे त्या कडेने खडूने किंवा राखेने रेघ मारा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पूर्वेची बाजू सगळ्यात सोपी, सकाळचं ऊन आणि दुपारी घराची सावली, तिथे जवळपास काहीही जगतं. पश्चिमेची भिंत सगळ्यात अवघड, कारण उन्हाचा मार तर आहेच, पण सिमेंटची तापलेली भिंत रात्री ९-१० वाजेपर्यंत उष्णता सोडत राहते, भिंतीला हात लावून बघा म्हणजे कळेल.

उत्तरेच्या बाजूची एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. आपण समजतो उत्तरेला कायम सावली. पण जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे जी जागा दहा महिने सावलीत असते तिच्यावर नेमकं वर्षातलं सगळ्यात कडक ऊन पडतं. माझी सावलीत लावलेली अबोली दर जूनच्या सुरुवातीला का होरपळते ते मला दोन वर्षं कळलंच नाही. आता त्या दिवसात उत्तरेच्या भिंतीला जुनी सुती साडी बांधते, तेवढं पुरतं.

दुसरं काम: माती काळी की पांढरी

आपले जुने लोक काळी आणि पांढरी म्हणायचे, काळी म्हणजे शेताची आणि पांढरी म्हणजे गावठाणाची, घरांची. तुमचं घर कशावर आहे ते बघा. तापी, गिरणा, बोरीच्या काठची खोल काळी असेल तर ती कसदार आहे पण पावसाळ्यात फुगते, पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांमध्ये बारीक मुळ्या अक्षरशः तुटतात. धुळ्या-साक्रीकडे बऱ्याच ठिकाणी हलकी मुरमाड असते, ती पाणी धरत नाही. आणि नव्या लेआउटमध्ये तर वरचा फूटभर थर भरावाचा असतो, मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा, तो जिथे झाड लावायचं तिथून तरी काढून टाका, त्याला पर्याय नाही.

निचरा बघायची सोपी पद्धत सांगते. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करा, काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या, मग परत भरा आणि घड्याळ बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासात गेलं तर तुमची जमीन चांगली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पण पाणी उभं असेल तर तिथे खड्ड्यात झाड लावायचंच नाही. चिकण काळ्या मातीत खड्डा करून त्यात मऊ भुसभुशीत खत-माती भरली की तो खड्डा म्हणजे हौद होतो, आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन बसतं आणि मुळ्या सडतात. अशा ठिकाणी आपले शेतकरी हळदीला करतात तसा गादीवाफा करा, जमिनीपासून नऊ इंच ते फूटभर उंच, आणि त्याच्यावर लावा.

अजून एक, वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. अशा मातीत मोगरा, अनंत यांची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं होतं, लोक पाणी वाढवतात, खत वाढवतात, काही फरक पडत नाही कारण मुळ्यांना लोहच घेता येत नाही. कोरांटी, निर्गुडी, रुई यांना चुनखडीचं फार काही वाटत नाही. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरा थर धरत असेल, तर याच झाडांकडे वळा.

तिसरं काम: झाडं निवडणं

इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण खरी गंमत इथेच आहे.

पश्चिमेची भिंत, कंपाउंडची कडा, गेटबाहेरची पट्टी, म्हणजे जिथे ऊन भरपूर आणि पाणी कमी, तिथे पहिली कोरांटी. पिवळी आणि निळी-जांभळी दोन्ही आपल्याच. पिवळीला वज्रदंती पण म्हणतात, पानांच्या बेचक्यात लांब काटे असतात म्हणून ती दाराजवळ नको, कंपाउंडला लावा, शेळ्या सहसा तोंड घालत नाहीत. निळीला तसे काटे नसतात, ती खिडकीखाली चालते. दोन्ही पावसाळा संपता संपता फुलायला लागतात आणि थंडीभर फुलतात, म्हणजे जेव्हा अंगणात दुसरं फारसं काही नसतं तेव्हा. मे महिन्यात पानं गाळतात, काटक्या दिसतात, नखाने साल खरवडली की आत हिरवं, म्हणजे ठीक आहे. पॅन्सी जातीची फुलपाखरं कोरांटीवर अंडी घालतात, तेव्हा पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध मारू नका, अळ्या पंधरा-वीस दिवसात उरकतात आणि झाड परत पानं काढतं. दोन झाडात दोन-अडीच फूट ठेवा.

निर्गुडी मोठी होते, माणसाच्या वर जाते, तेव्हा कोपरा द्या आणि सहा फूट जागा सोडा. फुलं बारीक निळसर-जांभळी, लांबून विशेष वाटत नाहीत पण जवळ जाऊन उभं राहा, मधमाश्यांचा नुसता गुंजारव चालू असतो. पाल्याचा शेक सांधेदुखीला आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, त्यामुळे शेजारणी पाला मागायला येणार हे गृहीत धरा.

धायटी मला सगळ्यात जास्त आवडते आणि अंगणात सगळ्यात कमी दिसते. सातपुड्यात, तोरणमाळच्या घाटात फेब्रुवारी-मार्चला ज्या झुडपांच्या फांद्या लाल-शेंदरी फुलांनी भरलेल्या असतात ना, ती. पानं गळत आलेली असतात आणि फांदीभर बारीक नळीसारखी फुलं, शिंजीर म्हणजे तो छोटा चकचकीत पक्षी दिवसभर तिथेच. आयुर्वेदात आसव-अरिष्ट आंबवायला हीच फुलं टाकतात. तिला मुरमाड उताराची जागा द्या, खोल काळ्या मातीत पाणी साचलं की ती जाते. माझी पहिली तशीच गेली, दुसरी गादीवाफ्यावर मुरूम मिसळून लावली ती चौथ्या वर्षी जी फुलली ती दर वर्षी फुलतेय.

अडुळसा पांढऱ्या फुलांचा, गुरं-शेळ्या खात नाहीत, मोकळ्या अंगणाला कुंपण म्हणून उत्तम. जरा ओलावा मागतो, न्हाणीच्या पाण्याजवळ बरा, पण साबणाचं पाणी थेट मुळात नको. मुरुडशेंग जागा असेल तर लावा, विटकरी लाल फुलं आणि पीळ दिलेल्या शेंगा, बाळाच्या गुटीतली हीच. पेटारी, काही जण मुद्रा म्हणतात, ती बहुतेक तुमच्या प्लॉटवर आपोआप उगवलेली असेल आणि तुम्ही तण म्हणून उपटत असाल. पिवळी फुलं संध्याकाळकडे उघडतात आणि शिक्क्यासारखं गोल फळ धरतं, मुलं ते पिठावर दाबून नक्षी काढतात. दोन झाडं ठेवा की!

रुई अंगणात कोण लावतं असं विचारतील, पण ऐन मे मध्ये फुलणारं आणि पाणी न मागणारं दुसरं झाड मला दाखवा. मारुतीला शनिवारी पानांची माळ घरचीच होते, आणि प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या हिचीच पानं खातात. चीक मात्र डोळ्यात जाता कामा नये, लहान मुलं असतील तर कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला.

आता झोपणारी झाडं. कळलावी म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं, पानाच्या टोकाच्याच तणाव्याने वर चढते. तिचा कंद हातात घेऊन बघण्यासारखा असतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा नांगराच्या फाळासारखा दोन टोकांचा, गुळगुळीत, आणि कोंब फक्त त्या टोकांवर असतो. टोक मोडलं तर बाकीचा कंद कितीही मोठा असो, उगवत नाही. आणि तो मोडतो फार पटकन, म्हणून कुदळ न घालता हाताने माती सारायची, कंद आडवा ठेवायचा, वर तीन-चार इंच माती. ही अतिशय विषारी आहे, कंद सगळ्यात जास्त, घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर लावूच नका, हे मी मनापासून सांगते. कंद हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

पांढरी मुसळी सातपुड्यातलीच, गवतासारखी पानं आणि पावसाळ्यात पांढऱ्या चांदण्यांचे तुरे. शतावरी काटेरी वेल, सुईसारखी नाजूक पानं, पावसाळा सरता सरता बारीक पांढरी सुवासिक फुलं, तिला जाळी किंवा डाळिंबाच्या झाडाचा आधार द्या. रानकांदा तर उलटाच, पानं नाहीत काही नाही आणि पावसाच्या आधी कोरड्या जमिनीतून सरळ फुलाचा दांडा वर येतो, बघताना अंगावर काटा येतो खरंच. तो पण खायचा नाही, कांदा समजून कोणी चिरायला घेऊ नये म्हणून त्याच्याजवळ खूण लावा. या सगळ्यांच्या जागेवर मी फुटक्या कौलाचा तुकडा उभा रोवून ठेवते, म्हणजे उन्हाळ्यात मोकळी जागा समजून कोणी खणत नाही.

अर्ध्या सावलीसाठी अबोली, ती दक्षिण भारतातली पण आपल्या वेण्यांमध्ये कधीचीच रुळलेली. वास नाही, पण गजऱ्यात दोन-तीन दिवस टिकते. तिला मे महिन्यात पाणी लागतंच, तेव्हा दोन-चार झाडंच लावा, जेवढ्यांना पाणी घालणं होईल तेवढीच. चित्रक पांढऱ्या फुलांचा, कळीच्या खालचा भाग हाताला चिकटतो, झेब्रा ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू याच्यावर वाढतं. मुळाचा रस कातडीला लागला तर फोड येतात, छाटताना मोजे घाला. जुई मांडवावर, पूर्वेला.

वेल म्हणून गोकर्ण सगळ्यात सोपी, निळी-पांढरी दोन्ही, बी रात्रभर पाण्यात भिजवलं की आठवड्यात उगवते. आणि एकच मोठं झुडूप लावायचं असेल तर पारिजातक, सकाळी अंगणभर सडा पडतो त्याला दुसरी तोड नाही, उन्हाळ्यात पानं खरखरीत होतात, कमी होतात, मरत नाही.

दहा बाय वीस फुटांच्या पश्चिममुखी अंगणासाठी मी काय लावीन विचारलं तर एका कोपऱ्यात पारिजातक, दुसऱ्यात निर्गुडी किंवा धायटी दोन्हीपैकी एकच, कंपाउंडला सात-आठ पिवळ्या कोरांट्या, खिडकीखाली चार निळ्या, जाळीवर गोकर्ण आणि शतावरी, त्यांच्या पायथ्याशी मुसळीचे दहा-बारा कंद, आणि दाराजवळ चार अबोली. बस. जागा रिकामी दिसेल, दिसू द्या, दोन पावसाळ्यात भरते. पहिल्याच वर्षी भरगच्च दिसावं म्हणून जवळजवळ लावलं की तिसऱ्या वर्षी अर्धी उपटावी लागतात.

लावण्याआधी कागदावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकाच्या समोर काय फुलणार ते लिहा. आपल्याकडे पावसाळा भरतो, थंडी कोरांटी-अडुळसा-चित्रकाने भरते, फेब्रुवारी-मार्च धायटी, एप्रिल-मे रिकामा राहतो. तिथे रुई आणि मोगरा टाका.

चौथं काम: रोप आणायचं कुठून

जंगलातून उपटून नाही. यावल अभयारण्य किंवा पाटणादेवीचा गौताळा औट्रम घाटचा भाग, तिथून काहीही काढणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे चालत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कळलावी-मुसळीचे कंद आधीच एवढे खणले गेलेत की आपण त्यात भर घालायला नको. कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती तर बघायच्या, फोटो काढायचा आणि पुढे जायचं.

सामाजिक वनीकरण आणि वनविभागाच्या रोपवाटिका बघा, पावसाळ्याच्या तोंडावर तिथे निर्गुडी, अडुळसा, पारिजातक, शतावरी बऱ्याचदा मिळतात. त्याहून चांगला रस्ता म्हणजे ओळखीत विचारणं. खेड्यावर कोणाच्या ना कोणाच्या वाड्यात कोरांटी असतेच, जूनमध्ये पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी मागून आणा, खालची पानं काढा, दोन डोळे, म्हणजे जिथून पानं फुटतात त्या गाठी, मातीत जातील अशी लावा. निर्गुडी, अडुळसा, कोरांटी, चित्रक सगळे असेच काडीने येतात. इथल्याच उन्हात वाढलेल्या झाडाची काडी म्हणजे ते झाड इथला मे महिना पास झालेलं आहे, ही खात्री बाहेरून आलेल्या रोपाची कोण देणार?

नर्सरीतून घेताना डोळे उघडे ठेवा. मला एका नर्सरीत निळी देशी कोरांटी म्हणून सहा रोपं दिली, घरी फुलल्यावर कळलं की ती मेक्सिकन पेटुनिया, म्हणजे रुएलिया. पुढच्या वर्षी तिने शेजारच्या वाफ्यात पण घुसखोरी केली, काढता काढता नाकी नऊ आले. फरक असा ओळखा: रुएलियाची पानं लांब, अरुंद, गुळगुळीत आणि खोड जांभळट, फूल दुपारपर्यंत गळून पडतं. आपल्या निळ्या कोरांटीचं पान रुंद, बोट फिरवलं की लवदार लागतं, आणि फुलाच्या बुडाशी दातेरी कडांचे टोकदार कोष असतात. फूल नसेल तर पानावर बोट फिरवून बघा.

रोप मोठं बघून घेऊ नका. पिशवी थोडी बाजूला करून मुळ्या बघा, गोल गोल गुंडाळलेल्या असतील तर ते रोप त्या पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. वीतभर रोप, खोड दणकट आणि मुळ्या पांढऱ्या, तेच दोन वर्षांनी पुढे जातं.

पाचवं काम: लावणी

मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच धावू नका. आपल्या सपाटीवर पाऊस वर्षाला साधारण ५०० ते ८०० मिलिमीटर, तो पण चार महिन्यात आणि मध्ये मोठ्या उघडीपी. दोन चांगले पाऊस झाले, माती वीतभर ओली झाली, म्हणजे बहुतेक आर्द्रात, तेव्हा लावा. ऑगस्टपर्यंत लावलेलं झाड उन्हाळ्याआधी मुळं धरतं. ऑक्टोबरच्या उन्हात लावणं जमतं पण पाणी द्यावं लागतं. होळीनंतर काहीही लावू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

मिश्रण साधं, दोन घमेली जागेवरचीच माती, एक घमेलं मुरूम किंवा जाड रेती, एक घमेलं जुनं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत ताजं नको, हाताला गार आणि मातीसारखं भुगभुगीत पाहिजे, नाहीतर वाळवी येते. युरिया अजिबात नको, पानं भसाभस येतात आणि फुलं येत नाहीत. पिशवी कापून काढा, ओढून नाही. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, खोड मातीत गाडू नका. हाताने दाबा, पायाने तुडवू नका.

आळं खोडाला लागून करतात ते चुकीचं, खोडापासून फूटभर लांब गोल करा म्हणजे मुळं पाण्याच्या मागे बाहेर जातात.

सहावं काम: पहिला उन्हाळा

सगळी परीक्षा इथे आहे. देशी झाडाला पाणी लागत नाही असं कोणी सांगितलं तर पहिल्या वर्षापुरतं ते ऐकू नका. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत झुडपाला दर तीन-चार दिवसांनी आठ-दहा लिटर, एकदम आणि सावकाश. रोज तांब्याभर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि वरची माती तापली की भाजतात. दुसऱ्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, तिसऱ्यात पंधरा दिवसांनी, पुढे कोरांटी-निर्गुडी-रुईला मी महिन्यातून एकदा घालते. झोपलेल्या कंदांना मात्र पाणी नाही, ओल मिळाली तर सडतात, म्हणून अबोलीच्या शेजारी कळलावी लावायची नाही.

उन्हात पडलेल्या पाईपातलं पहिलं पाणी चहासारखं गरम असतं! ते बादलीत काढा, गार पाणी यायला लागलं की मग झाडाला. ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर एका झुडपाला, तास-सव्वा तास मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे चालू करा, आपल्याकडे ठिबकचं सामान कुठेही मिळतं.

ठिबक नसेल तर माठ. आखाजीला घरात नवी घागर येते, जुनी फेकू नका. गळ्यापर्यंत पुरा, दोन झुडपांच्या मधोमध, पाणी भरून वर झाकण किंवा फरशीचा तुकडा, नाहीतर डास होतात. भोक पाडायची गरज नाही, आतून झिरपतं तेवढं बरोबर असतं. जड पाण्याने दोन-तीन वर्षात छिद्रं बुजतात, मग काढून नारळाच्या काथ्याने घासा.

आच्छादन तर आपल्याकडे फुकट आहे. रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पानं आणि चिरलेले खांब, बाकी ठिकाणी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा चुरा, शेंगांची टरफलं, गव्हाचा भुसा. तीन-चार इंच जाड, खोडापासून चार बोटं लांब. काळ्या मातीला भेगा पडत नाहीत तेवढ्यानेच, आणि भेग नाही तर मुळं तुटत नाहीत. कपाशीचं आच्छादन असेल तर त्यावर पिठ्या ढेकूण नाही ना ते आधी बघा, पांढरा कापसासारखा दिसतो, तो जास्वंदीवर लगेच जातो.

पहिल्या वर्षीच्या रोपांना पश्चिमेकडून आडोसा द्या, चार काड्या आणि गोणपाट, वरून झाकायचं नाही, फक्त दुपारचं ऊन अडवायचं.

पुढची वर्षं

छाटणीची वेळ चुकली की वर्षाची फुलं जातात. कोरांटी, निर्गुडी पहिल्या पावसानंतर जूनमध्ये गुडघ्याएवढ्या कापा, उन्हाळ्यात कापून उघड्या करू नका, त्या काटक्याच आतल्या खोडाला सावली देतात. धायटी जुन्या फांदीवर फुलते म्हणून ती फुलून झाल्यावर, पावसाच्या तोंडावरच, आणि थोडीशीच. अबोलीचे वाळलेले तुरे सतत खुडत राहा. खत वर्षातून एकदा, जूनमध्ये, झाडाला दोन घमेली शेणखत, पुरे.

आणि कोरांटीचं बी धरायला विसरू नका. फुलं सरल्यावर, साधारण फेब्रुवारीत, बोंडं हिरवी असतात तोवर काही करायचं नाही, ती तपकिरी व्हायला लागली, टोकाची चोच कडक झाली की सकाळी दव असताना खुडा, कारण दुपारच्या उन्हात ती फट्कन फुटतात आणि बी कुठल्या कुठे उडतं. खुडलेली बोंडं कागदी पिशवीत तोंड बांधून ओट्यावर उन्हात ठेवा, दिवसभर आतून टप टप आवाज येत राहतो. पिवळीच्या एका बोंडात दोनच बिया असतात, चपट्या, तेव्हा पन्नासेक बोंडं तरी घ्या. पिशवीवर रंग आणि महिना लिहून धान्याच्या कोठीत निंबाच्या पाल्यात ठेवा, जूनमध्ये पेरायला काढा.